गाण्याचा मेळा आणि त्याचे धनी : बासोविश्चा, आंबेडकरी जलसा आणि मराठी रॉकचा प्रश्न

ज्या समूहाला त्याच्याच प्रदेशात दुय्यम ठरवले गेले आहे असा समूह गाण्याच्या मेळ्याभोवती एकत्र येतो, तेव्हा तो मेळा निव्वळ करमणुकीचा राहत नाही. भाषा, स्मृती आणि स्वाभिमान या तिन्हींची वार्षिक उजळणी तेथे होते आणि पुढच्या पिढीला हे सारे अभ्यासक्रमाविना मिळते. असे मेळे कसे जन्मतात, कशाच्या बळावर टिकतात आणि कशामुळे क्षीण होतात, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे. त्यासाठी पोलंडमधील बेलारूसी रॉक संगीताचा ‘बासोविश्चा’ हा महोत्सव तुलनेला घेतला असून मुख्य विवेचन महाराष्ट्राचे, त्यातही नाशिक जिल्ह्यात रुजलेल्या आंबेडकरी जलशाचे आणि भीमगीतांचे आहे. रॉक संगीताचे बाह्य रूप आणि त्याचे सामाजिक कार्य या दोन गोष्टी बेलारूसी परंपरेत एकत्र नांदल्या, महाराष्ट्रात मात्र त्या दीर्घकाळ दोन वेगळ्या ठिकाणी राहिल्या, हे या तुलनेतून स्पष्ट होते. आणि कोणत्याही मेळ्याचे आयुष्य त्याच्या वाद्यांवर नव्हे, तर तो कोणाच्या मालकीचा आहे यावर ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

सीमेपलीकडचा मेळा

पोलंडच्या पूर्व भागात ब्यालिस्टोक शहराच्या परिसरात बेलारूसी भाषिक अल्पसंख्याक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला असून २०११ च्या पोलिश जनगणनेत सुमारे सत्तेचाळीस हजार लोकांनी आपली बेलारूसी ओळख नोंदवली होती. या समाजातील विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी बेलारूसी विद्यार्थी संघटना स्थापन केली आणि याच संघटनेने १९९० मध्ये ग्रुडेक या सीमेलगतच्या छोट्या गावाजवळील जंगलातल्या मोकळ्या जागेत ‘बासोविश्चा’ हा तरुण बेलारूसचा संगीत महोत्सव सुरू केला. उन्हाळ्यात भरणाऱ्या या मेळ्यात पोलंडमधील बेलारूसी तरुण आणि सीमा ओलांडून आलेले बेलारूसमधील वाद्यवृंद एकाच मंचावर येत, नवोदित वाद्यवृंदांची स्पर्धा होई आणि श्रोते तंबू ठोकून मुक्काम करीत. शाळेत आणि कचेरीत ज्या भाषेला जागा अपुरी होती, ती भाषा या काही दिवसांत तरुणांच्या सहज बोलण्याची होई.

या महोत्सवाचे महत्त्व बेलारूसमधील घडामोडींशी जोडलेले आहे. १९९४ मध्ये अलेक्सांद्र लुकाशेंको सत्तेवर आले आणि मे १९९५ च्या सार्वमतानंतर रशियन भाषेला बेलारूसीच्या बरोबरीचा राज्यभाषेचा दर्जा मिळाला, तसेच पांढरा-लाल-पांढरा राष्ट्रध्वज बदलण्यात आला. पुढे बेलारूसी भाषेचा व्यवहारातील वापर आटत गेला. २००९ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक नागरिकांनी बेलारूसी ही मातृभाषा सांगितली, तरी घरात ती बोलणाऱ्यांचे प्रमाण साधारण एक चतुर्थांशापेक्षा कमी होते. ज्या भाषेकडे खेड्याची, म्हाताऱ्यांची भाषा म्हणून पाहिले जाई, तिला रॉक वाद्यवृंदांनी शहरी आणि तरुण रूप दिले. १९८० च्या दशकातील ‘म्रोया’ आणि त्यातून १९९४ मध्ये पुढे आलेला लावोन वोल्स्की यांचा ‘एन. आर. एम.’ हे या परंपरेतील प्रमुख वाद्यवृंद होत. ‘क्रामा’, ‘उलिस’, ‘नोवाये नेबा’ ही नावेही त्याच पिढीतील. २००४ पासून सरकारविरोधी सभांत गाणाऱ्या कलावंतांना नभोवाणीवर आणि सभागृहांत अघोषित बंदी लागू लागली, तेव्हा स्वदेशात न मिळणारा मंच त्यांना सीमेपलीकडच्या जंगलात मिळाला. २०२० च्या निवडणुकीनंतरच्या आंदोलनाने हा संघर्ष टोकाला गेला आणि आंदोलनकाळातील गाण्यांमुळे लोकप्रिय झालेल्या ‘तोर बँड’ या वाद्यवृंदाच्या तीन सदस्यांना २०२३ मध्ये साडेसात ते नऊ वर्षांच्या तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या.

महाराष्ट्रातील रॉक : रूप आले, कार्य दुसरीकडे

महाराष्ट्रात रॉक संगीत आले ते प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयीन वर्तुळातून. १९८६ मध्ये मुंबईत सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव धोबीतलावाच्या रंगभवनात अनेक वर्षे भरला आणि गिटार-ड्रमवर वाढलेल्या एका पिढीसाठी ते ठिकाण जवळपास तीर्थक्षेत्र झाले; पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील कार्यक्रम थांबले. पुण्यात २०१० पासून ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ आणि नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरातील द्राक्षमळ्यांत २००८ पासून ‘सुला फेस्ट’ या मेळ्यांनी देशविदेशातील वाद्यवृंद आणले. या साऱ्यांनी संगीताची उत्तम जाण असलेला श्रोता घडवला, यात शंका नाही. परंतु त्यांची प्रमुख भाषा इंग्रजी, खालोखाल हिंदी राहिली, तिकिटाची किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यातली राहिली आणि मराठी गाणे तेथे पाहुण्यासारखेच आले. बंडखोर तारुण्य, आपल्या बोलीचा उच्चरवाने केलेला स्वीकार आणि सत्तेला विचारलेला प्रश्न ही जी कामे बेलारूसमध्ये रॉकने केली, ती महाराष्ट्रात ढोलकी, डफ, तुणतुणे आणि पेटी यांच्या साथीने आधीच चालू होती, म्हणून मराठीतील ‘बासोविश्चा’ शोधायचा तर वस्तीतल्या मंडपाकडे वळावे लागते.

जलसा : नाशिक जिल्ह्यातील उगमधारा

जलसा म्हणजे तमाशाच्या घडणीवर उभा राहिलेला, पण शृंगाराऐवजी समाजप्रबोधन हा हेतू धरणारा गीत-संवादांचा रात्रभर चालणारा प्रयोग. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांचा प्रसार करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशातील गण, गौळण, बतावणी आणि वग हे टप्पे ठेवले, मात्र आशय बदलला. गण म्हणजे आरंभीचे स्तवन आणि वग म्हणजे शेवटचे कथानाट्य. या दोन्हींतून देवस्तुती आणि रंजन काढून त्या जागी शिक्षण, सावकारी, अंधश्रद्धा आणि भटशाही यांची चर्चा आणण्यात आली. आंबेडकरी जलशाने हीच चौकट घेतली आणि तिला अस्पृश्यतेविरुद्धच्या प्रत्यक्ष लढ्याशी जोडले.

या जोडणीसाठी नाशिक जिल्हा विशेष अनुकूल ठरला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, जो पुढे काही वर्षे चालू राहिला. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब गायकवाड हे या सत्याग्रहाचे प्रमुख संघटक होते. याच जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. वर्षानुवर्षे चाललेल्या लढ्याला निरोप गावोगाव पोहोचवणारी यंत्रणा लागते. वृत्तपत्र वाचू शकणारे थोडे असताना ते काम जलशाने केले. भीमराव कर्डक यांच्या नेतृत्वाखालील नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा हा या परंपरेतील सर्वांत प्रभावी जलशांपैकी एक होता आणि त्यांनीच पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून त्या काळाची पहिली सविस्तर नोंद केली. आपल्या भाषणांपेक्षा जलसाकारांचे गाणे अधिक परिणाम करते, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याची आठवण या चळवळीत पिढ्यांमागून पिढ्या सांगितली जाते.

जलसाकारांची सांपत्तिक स्थिती लक्षात घेतल्याशिवाय या कार्याचे मोल कळत नाही. दिवसा मजुरी, रेल्वे किंवा गिरणीतले काम आणि रात्री प्रयोग, असे त्यांचे आयुष्य होते. मंच म्हणजे वस्तीतले मोकळे अंगण, प्रकाश म्हणजे बत्ती आणि मानधन म्हणजे भाकरी व प्रवासखर्च. गावातील चावडी आणि देऊळ बंद असल्याने प्रयोग वस्तीतच होई आणि त्यामुळे यजमान, श्रोता व गायक हे तिघेही एकाच समाजातले असत. हीच मालकी पुढच्या सगळ्या रूपांतरांत टिकून राहिली.

वामनदादा आणि गायन पार्टी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाल्यावर जलशाचा मूळ प्रसंग बदलला. मंदिरप्रवेशाच्या आवाहनाची जागा नव्या धम्माच्या आणि हरपलेल्या नेत्याच्या गाण्यांनी घेतली, नाट्यभाग आकसत गेला आणि गीत हे स्वतंत्र रूप म्हणून पुढे आले. या स्थित्यंतराचे महाकवी म्हणजे वामन तबाजी कर्डक, अर्थात वामनदादा. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले वामनदादा मुंबईत अंगमेहनतीची कामे करीत वाढले, प्रौढपणी अक्षरे शिकले, १९४३ पासून गीते रचू लागले आणि १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत गात राहिले. हजारो गीते रचणाऱ्या या कवीची बरीच निर्मिती वह्यांत, शिष्यांच्या कंठात आणि श्रोत्यांच्या आठवणीत राहिली. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह त्यातील थोडा भाग छापील रूपात देतात. विशेष असे की त्यांनी लोकगीताच्या चाली, गझलेची बांधणी आणि चित्रपटगीतांचा ठेका यांपैकी काहीही वर्ज्य मानले नाही. आशय पक्का असेल तर चाल कुठलीही चालते, हा त्यांचा व्यवहार पुढच्या गायकांनी नियमासारखा पाळला.

याच काळात ‘गायन पार्टी’ हे एकक स्थिरावले. मुख्य गायक, साथीला कोरस धरणारे, पेटी, ढोलकी, बुलबुल किंवा बेंजो वाजवणारे असा आठ-दहा जणांचा संच आणि दोन पार्ट्यांमधील सवाल-जवाबांचा ‘सामना’ हे आंबेडकर जयंतीच्या रात्रीचे मुख्य आकर्षण झाले. कव्वालीची धाटणी घेऊन श्रवण यशवंते, गोविंद म्हशीलकर, लक्ष्मण राजगुरू, प्रतापसिंग बोदडे अशा गायक-कवींनी हा प्रकार गाजवला. १९८० च्या दशकात ध्वनिफिती स्वस्त झाल्या तेव्हा प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि पुढे आनंद व मिलिंद शिंदे यांचे आवाज घराघरांत पोहोचले. ध्वनिफितीने गाण्याला दूर नेले, गायकाला काही प्रमाणात उत्पन्न दिले. मात्र सामन्यातील आयत्या वेळच्या रचनेची आणि समोरच्या श्रोत्याच्या दादेवर वळणाऱ्या गाण्याची जागा ठरावीक लांबीच्या, ठरावीक कडव्यांच्या गाण्याने घेतली.

मेळ्याभोवतीची संस्कृती

पुण्यात १९२८ मध्ये जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी काढलेली मिरवणूक ही आंबेडकर जयंतीची पहिली सार्वजनिक मिरवणूक मानली जाते. आज १४ एप्रिलला सुरू होणारा हा उत्सव महिनाभर, वस्तीवस्तीच्या सोयीने वेगवेगळ्या तारखांना चालतो. ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी आणि १ जानेवारीला भीमा कोरेगाव हे त्याच वार्षिक चक्रातील मोठे मुक्काम होत. या ठिकाणी गाण्याच्या मंचाशेजारी पुस्तकांच्या रांगा लागतात, संविधानाच्या प्रतींपासून छोट्या गीतपुस्तिकांपर्यंत सारे विकले जाते, मोफत भोजनाचे आणि आरोग्य तपासणीचे तंबू उभे राहतात आणि कर्मचारी संघटनांचे कार्यकर्ते स्वयंसेवक म्हणून राबतात. सोमनाथ वाघमारे यांनी आपल्या ‘चैत्यभूमी’ या माहितीपटात या जनसागराचे आणि त्यातील गाण्याचे चित्रण केले आहे. ग्रंथ आणि गाणे एकाच मांडवात नांदावे, हे या मेळ्यांचे वैशिष्ट्य असून तिकीट लावून भरणाऱ्या संगीत महोत्सवांत ते क्वचितच आढळते.

या संस्कृतीचा पाया नाशिक रोड परिसरासारख्या कामगार वस्त्यांत दिसतो. गोदावरीकाठचे एकलहरे हे गाव १९७० च्या दशकाच्या आरंभापासून औष्णिक वीज केंद्रासाठी ओळखले जाते; प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच, राखेचे बंधारे आणि कर्मचारी वसाहत यांनी त्याचे रूप घडले. शेजारी नोटा आणि मुद्रांक छापणारी सरकारी मुद्रणालये, रेल्वे स्थानक आणि देवळालीची छावणी आहे. आरक्षणामुळे आणि तांत्रिक शिक्षणामुळे सार्वजनिक उद्योगांत स्थिर नोकरी मिळालेल्या पहिल्या पिढीने अशा औद्योगिक वसाहतींत जयंती उत्सव समित्या उभ्या केल्या, पगारातून वर्गणी दिली आणि गायन पार्ट्यांना आमंत्रणे दिली. सार्वजनिक क्षेत्रातील नोकरभरती आटली आणि कामे कंत्राटी झाली की या वर्गणीवरच परिणाम होतो. म्हणून गाण्याच्या परंपरेचा विचार रोजगाराच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

सत्ता, बाजार आणि आवाजाची मर्यादा

गाण्यावरचा दबाव महाराष्ट्रातही तीव्र राहिला आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट या घटनेपासून सुरू होऊन आंबेडकरी शाहिरीचा दीर्घ आलेख मांडतो. पुण्यातील कबीर कला मंचाच्या कलावंतांवर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे दाखल झाले, त्यातील शीतल साठे व सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनासमोर अटक करवून घेतली आणि त्यांच्यासह इतर कलावंतांना कमी-अधिक काळ कोठडीत राहावे लागले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटाने लोकशाहिरावर चालणाऱ्या खटल्याची कथा सांगितली, तीत वीरा साथीदार यांनी शाहिराची भूमिका केली आणि संगीत संभाजी भगत यांचे होते. बेलारूस आणि महाराष्ट्र यांतील राज्यव्यवस्था भिन्न आहेत, येथे न्यायालये आणि निवडणुका यांच्याद्वारे दाद मागण्याचे मार्ग खुले आहेत. तरीही गाणाऱ्याला संशयित मानण्याची वृत्ती दोन्हीकडे ओळखीची आहे.

दुसरा दबाव बाजाराचा आणि तंत्राचा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंदी आणली आणि वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य सरकारांना दिली. आजारी माणसांच्या आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा नियम रास्तच आहे. परंतु रात्रभराच्या सामन्याचा काळ त्यामुळे संपला. त्याच सुमारास मिरवणुकीत डीजेच्या भिंती आल्या. आधीच ध्वनिमुद्रित झालेले गाणे मोठ्या आवाजात वाजवणे गायन पार्टी बोलावण्यापेक्षा सोपे असल्याने वर्गणीचा मोठा हिस्सा यंत्राकडे वळला आणि जिवंत गायकाचे काम कमी झाले. या बदलावर समाजातच सतत चर्चा होते आणि अनेक समित्या डीजेऐवजी व्याख्यान, ग्रंथवाटप व गायनाकडे वळल्या आहेत. ही आत्मपरीक्षणाची क्षमता मालकीच्या भावनेतूनच येते.

रूप आणि कार्य यांची भेट

गेल्या दीड दशकात मराठीत रॉकचे रूप आणि रॉकचे कार्य एकत्र येऊ लागले आहे. कबीर शाक्य यांनी स्थापन केलेल्या ‘धम्म विंग्स’ या मुंबई परिसरातील वाद्यवृंदाने गिटार, ड्रम आणि कीबोर्ड यांच्या साथीने बुद्ध-आंबेडकरांचा विचार मांडला आणि वस्तीतील जयंतीच्या मंचावर रॉकला आणले. अमरावतीच्या विपिन तातड यांच्यासारख्या रॅप गायकांनी वऱ्हाडी वळणाच्या बोलीतून जातीचा अनुभव मांडला. चेन्नईत २०१७ मध्ये पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ आणि पंजाबातील गिन्नी माही हे याच प्रवाहाचे अन्य भाषांतील आविष्कार होत. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाने जलशाची घडण आधुनिक रंगमंचावर आणून नव्या प्रेक्षकाला शाहिरीची ताकद दाखवली. परंपरा मोडली अशी तक्रार करण्याचे येथे कारण नाही, कारण चालीबाबत सोवळे न पाळण्याचा वामनदादांचा व्यवहारच या तरुणांनी पुढे नेला आहे.

अभ्यासाची स्थिती आणि राहिलेली कामे

या विषयाच्या अभ्यासात भीमराव कर्डक यांच्या पुस्तकानंतर डॉ. कृष्णा किरवले यांचे ‘आंबेडकरी शाहिरी : एक शोध’ हे महत्त्वाचे काम आहे, शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाड्याच्या अभ्यासातून जात व लिंगभाव यांचे नाते उलगडले आणि योगेश मैत्रेय यांनी जातिविरोधी संगीतावर इंग्रजीतून लिहिले. तरीही तीन गोष्टी अपुऱ्या आहेत. पहिली, स्त्रियांचे स्थान : जलशाच्या मंचावर पुरुषच अधिक असले, तरी जात्यावरच्या ओव्यांतून बायकांनी बाबासाहेब गायले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात माजलगावच्या भीमनगरातील अशा ओव्या आहेत. एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात समाजमाध्यमांमुळे घरोघरी पोहोचल्या, पण त्यांच्या आधीच्या अनेक गायिकांची साधी नोंदही झाली नाही. दुसरी, जतन : वह्या, गीतपुस्तिका आणि ध्वनिफिती झपाट्याने नष्ट होत आहेत. तिसरी, हक्क : गीतकाराचे नाव गाळून गाणे वाजवले जाते आणि मोबदला मूळ कवीच्या कुटुंबापर्यंत पोहोचत नाही.

‘बासोविश्चा’चा अनुभव येथे उपयोगी पडतो. पोलंडमधील त्या विद्यार्थ्यांनी स्पर्धेतून नवे वाद्यवृंद पुढे आणले, म्हणजे मेळा केवळ प्रसिद्धांचा सत्कार राहिला नाही, नवोदितांची शाळा झाला. नाशिक जिल्ह्याला काळारामचा सत्याग्रह, येवल्याची घोषणा, भीमराव कर्डकांचा जलसा आणि देशवंडीचे वामनदादा असा सलग वारसा लाभला आहे. जिल्ह्यात विद्यापीठ उपकेंद्र, महाविद्यालये आणि सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्था आहेत. गीतांच्या वह्या व ध्वनिफितींचे अंकीय रूपात जतन, गीतकारांच्या नावांची सूची, नव्या गायन पार्ट्या व वाद्यवृंदांसाठी वार्षिक स्पर्धा आणि गायिकांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ही कामे त्या संस्थांनी वस्तीतल्या समित्यांच्या सहभागाने हाती घेण्याजोगी आहेत. मात्र त्यांचे व्यवस्थापन समित्यांकडेच असावे. सरकारी किंवा कंपनीच्या आश्रयाने मंच मोठा होतो आणि तोच आश्रय निघून गेल्यावर रिकामाही होतो. वर्गणीवर उभा राहिलेला मंच लहान असला तरी दरवर्षी उभा राहतो. भाकरीवर गाणाऱ्या जलसाकारांपासून गिटार घेऊन उभ्या राहिलेल्या तरुणांपर्यंतचा नव्वद वर्षांहून अधिक काळाचा प्रवास हेच सिद्ध करतो की श्रोता जोवर त्या मेळ्याचा धनी आहे, तोवर वाद्ये बदलली, तंत्र बदलले, राज्यकर्ते बदलले तरी गाणे आपले काम करीत राहते. आणि म्हणून या परंपरेबद्दल आस्था असणाऱ्या प्रत्येकाचे पहिले कर्तव्य तिची मालकी तिच्या लोकांकडे राखण्याचे आहे.